खंडेनवमीचं लिंबू

आमच्या गण्याला ऑस्ट्रेलियाला जायचंच नव्हतं. जायचं होतं मला. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं ऐकताना लोक गण्यासाठी हळहळतात आणि मला विसरून जातात.

गण्या म्हणजे गणराज, माझा धाकटा भाऊ. मी स्वप्नाली. चिखलीत आमचा वन बीएचके. अण्णा, म्हणजे आमचे वडील चिमाजी, चाकणच्या एका गोदामात माल उचलायची फोर्कलिफ्ट चालवायचे. आई ब्लाउज शिवते. मी चाकणलाच वायरिंगच्या कंपनीत. गाडीच्या पोटात वायरींचं जे जंजाळ असतं ना, ते आम्ही बायका बोर्डावर बांधतो. डिप्लोमा इलेक्ट्रॉनिक्सचा आहे माझा, पण कंपनीच्या लेखी मी अजून ट्रेनी. आधी एका ठेकेदाराची ट्रेनी, मग दुसऱ्याची, आता तिसऱ्याची. दिवसभर उभं राहून टेप गुंडाळायची, परतीच्या बसमध्ये मोशीच्या सिग्नलला मान टाकायची, घरी आलं की पोळ्या लाटायच्या. वर्षानुवर्षं हेच. इतकी दमते मी की रविवारी कुणी विचारलं काय करतेस, तर खरं उत्तर एकच, पडलेय.

ह्या व्हिसाचं मला साक्षीनं सांगितलं. माझ्या शेजारच्या बोर्डवर असते ती. ऑस्ट्रेलियानं म्हणे आपल्या पोरापोरींसाठी नवीन व्हिसा काढलाय. कॉलेज झालेलं असलं आणि इंग्रजीची परीक्षा दिली की वर्षभर तिकडं फिरायचं, आणि फिरता फिरता मिळेल ते काम करायचं. संत्री तोडा, हॉटेलच्या खोल्या झाडा, बशा विसळा, कुणी नाव ठेवत नाही. फक्त अर्ज ढिगानं येतात, म्हणून चिठ्ठ्या उचलल्यासारखी नावं काढतात. आणि वयाची अट आहे. एकतीस पूर्ण झाली की दार बंद.

वर्षभर! एक वर्ष मला कुणी ओळखणार नाही, कुणी ‘पोरीचं बघा आता’ म्हणणार नाही, समुद्राच्या काठी बसून चहा प्यायला मला कुणाची परवानगी लागणार नाही. मी त्या दिवशी चुकीच्या रंगाच्या वायरी जोडल्या आणि सुपरवायझरची बोलणी खाल्ली. पण मनात बसलं ते बसलंच.

अर्ज भरायला मी मोबाइल घेऊन बसले तेव्हा गण्या शेजारी लोळत चिवडा खात होता. नुकताच इंजिनिअर झाला होता आणि त्याचा इंजिनिअरपणा सगळा गादीवरच चालला होता. मला म्हणाला, “ताई, माझा पण भर ना. उगाच आपलं.”

उगाच आपलं म्हणून भरला. आणि नाव निघालं त्याचं.

काय सांगू मला काय वाटलं! पंखा काढून त्याच्या डोक्यात घालावा असं वाटलं. आईनं पेढे आणले, अण्णा गोदामात वाटून आले, खालच्या वाण्यालासुद्धा पेढा गेला. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. आधी मी अर्जाचं काढलं होतं तेव्हा अण्णा म्हणाले होते, “पोरीनं एकटीनं तिकडं जाऊन काय करायचंय?” गण्याच्या वेळी हा प्रश्न कुणाला पडला नाही.

शेवटी मी अण्णांना जेवताना गाठलं. “अण्णा, पुढच्या वर्षी परत नावं काढणार आहेत. माझं ते शेवटचं वर्ष आहे. नाव निघालं तर मला जाऊ देणार की नाही, आज सांगा.”

अण्णा भूमच्या बाजूचे. इथं येऊन जन्म गेला तरी बोलणं तिकडचंच. म्हणाले, “आदी गण्याला जाऊ दे की. वर्षभर धड ऱ्हायला, काम सोडून पळून आला न्हाई, तर तुजं बगू.”

“बगू नाही. हो म्हणा.”

“अगं जेवू दे की.”

“हो म्हणा आणि जेवा.”

“बरं, हो.”

आईला मी साक्षीदार केलं. तेव्हापासून माझं नशीब गण्याच्या गळ्यात. असल्या माणसाच्या गळ्यात, ज्याला स्वतःची चप्पल कुठं काढली ते आठवत नाही.

गण्या गेला. पहिले काही आठवडे नुसते फोन. मोठ्या शहरात एका हॉस्टेलवर पडला होता, एका खोलीत चिकार पोरं, सगळी कामाच्या शोधात. हॉटेलाहॉटेलात जाऊन बायोडेटा द्यायचा. ते म्हणणार, उद्या येऊन काम करून दाखव. हा दिवसभर भांडी घासून दाखवायचा आणि संध्याकाळी ते म्हणायचे, कळवतो. कळवलं कुणीच नाही. मी म्हटलं, “अरे पुढं जा ना, गावाकडं जा, शेतीवर कामं असतात म्हणतात.” मी सगळं वाचून बसले होते. जायचं मला होतं ना.

मग तो आत कुठंतरी नदीकाठच्या गावात गेला. संत्र्यांच्या बागाच बागा. तिथं हॉस्टेलचा मालकच पोरांना काम लावून देतो, सकाळी गाडीत भरून नेतो, संध्याकाळी आणून टाकतो. गण्यानं तिथून फोन केला तो हसत हसत.

“ताई, इथंपण पिकअप बस आहे. ठेकेदारपण आहे. फक्त गोरा आहे!”

मी आमच्या कॅन्टीनमध्ये ताट घेऊन उभी होते. इतकी हसले, इतकी हसले, की साक्षी विचारायला लागली काय झालं. आणि मग मला एकदम थकल्यासारखं झालं. एवढ्या लांब जाऊनही बसच.

पण तिथं त्याचं बरं बस्तान बसलं. संत्री धुऊन, निवडून, खोक्यांत भरायची एक मोठी शेड होती. तिथं फोर्कलिफ्टला माणूस हवा होता. फोर्कलिफ्ट गण्याला येत होती, अण्णांनीच शिकवलेली, रविवारी गोदामाच्या आवारात. तेव्हा गण्या कुरकुर करायचा, “मी इंजिनिअर होणार, मला कशाला हे.” तिकडचं लायसन काढलं आणि बसला गाडीवर. अण्णांना तर काय, आभाळच ठेंगणं. त्याचा गाडीवरचा फोटो आख्ख्या गोदामाला दाखवला. कंबर गेलीय अण्णांची, वर्षानुवर्षं हादरे खाऊन. डॉक्टरनं गाडी सोडा म्हणून सांगितलेलं. पण त्या दिवसांत कमरेचा पट्टा न लावता हिंडत होते.

मीपण मनातल्या मनात दिवस ढकलत होते. वर्ष निभलं की झालं.

आणि खंडेनवमी आली.

आमच्या ह्या पट्ट्यात खंडेनवमी म्हणजे काय ते बाहेरच्याला कळायचं नाही. कंपन्यांत दिवाळीपेक्षा ती मोठी. मशिनी पुसून लख्ख करायच्या, हळदकुंकू, झेंडूच्या माळा, नारळ. जे मॅनेजर वर्षभर खाली फिरकत नाहीत तेसुद्धा कपाळाला टिळा लावून रांगेत. आणि गाड्यांना लिंबू. चाकाखाली लिंबू ठेवायचं आणि गाडी वरून न्यायची. फट्कन फुटलं पाहिजे. गोदामातल्या सगळ्या फोर्कलिफ्टींना लिंबू ठेवायचा मान अण्णांचा. दुसऱ्या कुणी ठेवलं तर रुसतात.

आदल्या दिवशी माझी सुट्टी होती. अण्णांनी दुपारी गण्याला व्हिडिओ कॉल लावला, मी शेजारी बसून कोथिंबीर निवडत होते.

“उद्या गाडीची पूजा करायची बरं का. आईनं कुंकवाची पुडी दिलीय बॅगेत. फूल मिळंल तिथलं कसलंबी. आन् लिंबू इसरू नको.”

गण्या म्हणाला, “अण्णा, इथं असलं कुणी करत नाही.”

“कुणी करत न्हाई म्हणून तू करायचं न्हाई व्हय? तिच्या जिवावर खायलास ना? मग?”

मी मधे पडले. “अण्णा, सोडा ना. परक्याची शेड, परक्याची गाडी. कशाला नसती भानगड?”

“तू कोथिंबीर निवड,” अण्णा म्हणाले.

निवडली. दुसरं काय करणार?

आता गण्याची बाजूही सांगते. त्या भागात फळमाशीची मोठी भीती. ती माशी फळात अंडी घालते, बागाच्या बागा जातात. म्हणून बाहेरचं एकही फळ शेडमध्ये न्यायचं नाही, अशी सक्त ताकीद. फाटकावर मोठ्ठा बोर्ड, बोर्डाखाली डबा. डब्यातलं केळं, सफरचंद, काय असेल ते तिथं टाकायचं आणि मग आत जायचं. गण्या रोज टाकायचा. त्या दिवशीही त्यानं दुपारचं केळं इमानदारीत डब्यात टाकलं. आणि खिशात लिंबू घेऊन आत गेला. हॉस्टेलच्या मागच्या भिंतीशी झाड होतं, तिथून तोडलेलं.

नंतर मला फोनवर सांगताना त्याचा आवाज रडवेला झाला होता. “ताई, आईशप्पथ सांगतो, माझ्या डोक्यातच आलं नाही. लिंबू फळ असतं का गं?”

आणि मला त्याच्यावर ओरडता आलं नाही. कारण माझ्याही डोक्यात आलं नसतं. तुम्ही सांगा, फळवाल्याच्या गाडीवर कधी लिंबू पाहिलंय? पाहुण्याला फळं न्यायची तर कुणी लिंबं नेतं? लिंबू मिळतं भाजीवाल्याकडं, मिरची-कोथिंबिरीच्या शेजारी. ते सरबताला, नाहीतर वरणभातावर, नाहीतर दारावर मिरच्यांबरोबर लटकवायला. फळ म्हणजे फळ. आमच्या घरातल्या कुणालाही विचारा, हेच सांगेल.

तर गण्यानं गाडीला कुंकू लावलं, फूल वाहिलं, लिंबू ठेवलं, गाडी वरून नेली. फट्. बरोबरच्या एका कोरियन पोरीनं टाळ्या वाजवल्या, व्हिडिओ काढला. सगळं कसं छान चाललेलं. तेवढ्यात शेडची क्वालिटीवाली बाई फेरीवर आली. चाकाशी पिवळं साल, बिया, ओलं. कुठून आलं हे? गण्याला वाटलं बाई कौतुकानं विचारतेय. ह्या शहाण्यानं सगळं समजावून सांगितलं. आमच्यात असं असतं, गाडीला दृष्ट लागू नये म्हणून, हे मी आणलं, त्या झाडाचं.

बाईचा चेहरा पांढराफटक पडला म्हणे. तिथल्या तिथं संत्री निवडायचा पट्टा बंद. आत आलेली सगळी संत्री अडकवून ठेवली, दारात भरलेला ट्रक तसाच उभा. तपासायला सरकारी माणसं आली, साल चिमट्यानं उचलून पिशवीत घातलं. माशी नव्हती, अळी नव्हती, काही निघालं नाही. पण नियम तो नियम. संध्याकाळच्या आत गण्याचं काम गेलं. हॉस्टेल कामाला बांधलेलं, म्हणून खाटही गेली.

मी क्वालिटीवाल्या बाईला दोष देणार नाही. आमच्याकडं वायरिंगच्या बोर्डाजवळ कुणी अंगठी घालून गेलं तर मीच ओरडते. पण रडायला येतच होतं. लिंबापायी!

“अण्णांना सांगू नकोस,” गण्या म्हणाला.

मी सांगितलं नाही. पण दसऱ्याला अण्णांनीच फोन लावला. “पूजेचा फोटो दाव की.” गण्याला खोटं बोलता येत नाही, लहानपणापासून. चेहऱ्यावर सगळं दिसतं. त्यानं सांगून टाकलं. अण्णा ऐकत राहिले. मग फोन आईच्या हातात देऊन बाहेर गेले, जिन्यात जाऊन बसले. परत आले तेव्हा म्हणाले, “म्हंजी हाकललं त्याला. झालं तर मग. आता पोरीला तिकडं धाडायचं नाव काढायचं न्हाई.”

माझा तोल गेला. ताटात श्रीखंड होतं, मी ताट सारलं.

“लिंबू ठेव म्हणणारे तुम्ही, हाकलला गेला तो, आणि घरात बसायचं मी? हा कुठला न्याय अण्णा? मी सांगत होते, सोडा. तेव्हा मला काय म्हणालात? कोथिंबीर निवड!”

“लिंबानं आजवर कुणाचं वाईट झालं न्हाई. त्यानंच कायतरी केलं आसंल.”

“काही नाही केलं त्यानं! तुमचं ऐकलं, तेवढंच केलं!”

आई म्हणाली, सणासुदीचं कशाला. मी म्हटलं, सणामुळंच झालंय सगळं. मग कुणीच जेवलं नाही. आपट्याची पानं तशीच टेबलावर पडून होती, ती मीच संध्याकाळी उचलली.

दुसऱ्या दिवशी डोकं थंड झाल्यावर मी अण्णांना म्हटलं, “तुमची अट काय होती? वर्षभर धड राहिला, पळून आला नाही तर. वर्ष अजून संपलेलं नाही. एक काम गेलं, दुसरं करेल.” अण्णांनी नुसतं हूं केलं. त्या हूंवर मी पुढचे सगळे महिने काढले.

कारण आता सगळं गण्यानं तिथं टिकण्यावर होतं, आणि गण्या टिकायच्या मनःस्थितीत नव्हता.

संत्र्यांच्या त्या गावात त्याचं नाव सगळ्यांना कळलं होतं, लिंबूवाला म्हणून. पुढच्या गावी गेला. तिथं एका मोटेलात चादरी बदलायचं काम मिळालं, तेही रोज नाही. मग चेरीच्या बागेत. शिडी खांद्यावर घेऊन झाडाझाडाशी फिरायचं. ऊन म्हणजे अंगाला चटके, आणि माश्या डोळ्यात जाणाऱ्या. जुन्या कॅरव्हॅनमध्ये, म्हणजे चाकांवरच्या खोलीत राहायचा, बरोबर अर्जेंटिनाची पोरं. ती संध्याकाळी गिटार वाजवायची. हा पडून राहायचा.

मी दुपारच्या जेवणात फोन करायचे, तेव्हा त्याच्याकडं संध्याकाळ असायची. आधी तो चेहरा दाखवायचा. मग म्हणायला लागला, व्हिडिओ नको, नेट नाही. नेट होतं. त्याला दाखवायचं नव्हतं.

“ताई, मी येतो आता.”

“गण्या, थांब.”

“कशासाठी? हात बघ माझे. सगळ्या अंगातून कळ येते. मला हे फिरणंबिरणं नकोय. मी समुद्रसुद्धा पाहिलेला नाही अजून, नुसता विमानातून दिसला तेवढाच.”

“माझ्यासाठी थांब.”

मग म्हणाला, “बरं.”

असं किती वेळा झालं. दर वेळी तो येतो म्हणायचा, मी थांब म्हणायचे. एकदा ताप होता त्याला, तरी म्हटलं थांब. आमच्या कंपनीत तापातसुद्धा बोर्ड सोडता येत नाही, त्याला काय मोठं झालंय, असंही मनात आलं. राग होता माझ्या मनात. नाव माझं निघालं असतं, तर मी हसत शिड्या उचलल्या असत्या. निदान तेव्हा तरी असं वाटायचं.

त्यानं वर्ष पुरं केलं. बापड्यानं केलं.

मी त्याला आणायला वाकडला गेले, मुंबईची बस तिथं थांबते. आधी ओळखलाच नाही. काळा पडलेला, हडकलेला, दाढी वाढलेली. मला बघून हसला, आणि बॅग माझ्या पायाशी ठेवून स्कूटीवर मागं बसला. डांगे चौकाच्या पुढं गेल्यावर माझ्या पाठीवर जड लागलं. झोपला होता. मी स्कूटी इतकी हळू चालवली की मागचे शिव्या देत पुढं जात होते.

घरी अण्णांनी त्याचे तळवे हातात घेऊन पाहिले. आईनं भाकरी चुरून दिली, तशी त्यानं खाल्ली, आणि झोपला. किती दिवस नुसता झोपतच होता.

तोवर नवीन अर्ज सुटले होते. मी भरला. या वेळी शेजारी कुणी चिवडा खात बसलं नव्हतं.

नाव निघालं. खरंच निघालं! चहाच्या सुट्टीत लॉकरमधून फोन काढला तर मेल आलेला. मी तो साक्षीला वाचायला लावला, म्हटलं मोठ्यानं वाच, मला खरं वाटत नाहीये. तिनं वाचला. मग बाथरूममध्ये जाऊन मी रडून घेतलं, तोंड धुतलं आणि बोर्डावर उभी राहिले. उरलेली शिफ्ट कशी गेली ते आठवत नाही.

घरी भांडायच्या तयारीनं गेले होते. सगळी उत्तरं पाठ. पण अण्णा भांडलेच नाहीत. ते खाटेवर पडून होते, कमरेला पट्टा, उशाशी गरम पाण्याची पिशवी. गोदामानं त्यांना त्या महिन्यात गाडीवरून उतरवलं होतं, कायमचं.

“हो म्हणलो हुतो,” अण्णा म्हणाले. “मी आता न्हाई म्हणत न्हाई. पर तूच सांग पोरी, कसं करायचं? माजं हे असं. गण्याला नोकरी न्हाई. घराचा हप्ता हाय. तुज्या पगारावर चाललंय सगळं. तू गेलीस तर कोण बगायचं?”

नाही म्हणाले असते तर मी ओरडले असते, ताट सारलं असतं. ह्याला काय करणार? खरंच होतं ते. मी कपडेसुद्धा न बदलता तिथंच खाली बसले. तिकिटाचं मी कसंबसं साठवलं होतं, पण घराचं कुणी साठवलं होतं? सगळा जीवच गेला माझ्यातला. आईनं माझ्या डोक्यावरून हात फिरवला, तोही मला नको झाला.

गण्या मोबाइल बघत बसला होता. मान वर न करता म्हणाला, “मी बसतो अण्णांच्या गाडीवर.”

अण्णा म्हणाले, “काय?”

“तुमचा सुपरवायझर म्हणाला होता ना, पोराला पाठव. मी जातो.”

“आरं तू इंजिनिअर हायस.”

“तिकडंपण होतो,” गण्या म्हणाला. आणि परत मोबाइल बघायला लागला.

नंतर तो गॅलरीत उभा होता तेव्हा मी गेले. खाली रस्त्यावर पाणीपुरीवाला गाडी लावत होता. म्हटलं, “गण्या, खरं सांग. मनापासून म्हणालास?”

“मनापासून कसलं काय ताई. दमलोय. कुठंतरी बसायचंच आहे, इथं निदान आईच्या हातचं जेवण आहे.”

“मग मी नको जाऊ?”

माझी फार इच्छा होती त्यानं ‘नको’ म्हणावं, म्हणजे मला त्याच्यावर ओरडता आलं असतं. तो म्हणाला, “वर्षभर तू मला थांब म्हणत होतीस. थांबलो ना? आता इथं थांबतो. तू जा.” मग म्हणाला, “टोपी चांगली घे. आणि आधी समुद्र बघून घे, काम नंतर. मी उलटं केलं.”

मला ते ऐकवेना. मी आत येऊन कणीक मळायला घेतली.

व्हिसा आला, तिकीट काढलं, कंपनीत राजीनामा दिला. गण्याची पहिली शिफ्ट माझ्या नोटिशीच्या शेवटच्या आठवड्यात पडली. सकाळी आम्ही दोघं बरोबरच खाली उतरलो. साने चौकात आमच्या कंपन्यांच्या बसगाड्या वेगवेगळ्या थांबतात, पण उभं राहायचं एकाच पत्र्याखाली. त्याच्या अंगात गोदामाचा निळा शर्ट, ढगळ, खांदे खाली आलेले. गळ्यात ओळखपत्र. आजूबाजूची माणसं अण्णांच्या ओळखीची, एकानं पाठीवर थाप मारली, “चिमाजीचा ना तू? ये, ये भावा.” गण्या हसला. त्याची बस आधी आली. मी म्हटलं, “डबा घेतलास?” म्हणाला, “घेतला.” खिडकीपाशी जागा मिळाली त्याला. बस हलायच्या आधीच त्यानं काचेला डोकं टेकवलं होतं आणि डोळे मिटले होते. तिशीसुद्धा नाही त्याची, आणि बसमधल्या बाकीच्या सगळ्या माणसांसारखाच दिसत होता.

मला भडभडून आलं. लोकांच्या देखत रस्त्यावर उभी राहून मी रडले. गण्याचं वाईट वाटलं, अजून वाटतं, आणि हे जन्मभर राहणार आहे. तरी तिकीट रद्द करावं असं एकदाही मनात आलं नाही.